ला पासला राहायचं कुठे? वर, मध्ये की खाली? (सोबत आई-बाबा)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटी आम्ही बोलिव्हियाला जातोय. आम्ही दोघं तीन वर्षं साओ पाउलोला आहोत आणि आई-बाबा सांगलीहून दोन महिन्यांसाठी आलेत. "एवढ्या लांब आलोय तर ते मिठाचं मैदान दाखव" हे बाबांचं फर्मान. म्हणून ला पासला चार रात्री, मग विमानाने उयुनी असा बेत आहे.

बाकी सगळं ठरलं, अडलंय राहण्यापाशी. तीन जागा हेरून ठेवल्यात. एक, सागार्नागा रस्त्यालगतचं हॉटेल. स्वस्त आहे, सान फ्रान्सिस्को चर्च आणि तो चेटकिणींचा बाजार दाराशीच. दोन, सोपोकाचीतला फ्लॅट, स्वयंपाकघरासकट. तीन, पार दक्षिणेला कालाकोतोत. महाग आहे, आणि 'बघण्यासारखं' सगळं तिथून लांब.

नकाशावर तर सगळं हाकेच्या अंतरावर दिसतं. बाबा ६८, बीपीची गोळी चालू, पण रोज हरिपूरपर्यंत चालत जाऊन येणारे. आई ६४, गुडघे कुरकुरतात. दोघंही शाकाहारी. गेलेल्यांनी सांगा हो.

उंटावरचा शहाणा
रुमाल टाकून ठेवतो. पुढच्या वर्षी बेत आहे.

भटकभवानी
डोळे मिटून सागार्नागा! मी २०१६ मध्ये आठ दिवस राहिले होते. खाली उतरलं की चर्च, वर चढलं की लिनारेस रस्ता. तिथे लामाची वाळवलेली पिल्लं टांगलेली असतात, घराच्या पायात पुरतात म्हणे ती, धरणीमातेला नैवेद्य म्हणून. लोकरीच्या टोप्या, सहलवाल्यांची दुकानं, नाणी-नोटा बदलणारे, सगळं दोन गल्ल्यांत. कालाकोतोत राहून काय मॉल बघणार?

मोजूनमापून
शीर्षकात नाही, पण पुढे कुणीतरी 'राजधानी' म्हणणारच म्हणून आधीच नोंदवतो. घटनेनुसार बोलिव्हियाची राजधानी सुक्रे आहे. १८९८-९९ च्या यादवीनंतर सरकार आणि संसद ला पासला आली, न्यायपालिका सुक्रेतच राहिली. त्यामुळे 'जगातली सर्वांत उंच राजधानी' हा मान कागदोपत्री इक्वाडोरच्या क्वितोचा, २,८५० मीटर.

भटकभवानी
@मोजूनमापून, काका, त्यांना झोपायला खोली हवीय, राज्यशास्त्राचा पेपर नाही द्यायचा 😀

मोजूनमापून
सुक्रेचा मुद्दा खोलीशीच जोडलेला आहे. सुक्रे साधारण २,८०० मीटरवर आहे. धागाकर्तीने आधी तिथे दोन-तीन रात्री काढल्या तर ला पासची निम्मी चिंता मिटेल. साओ पाउलोहून बहुधा सांता क्रूसला उतरणार, ते जेमतेम ४०० मीटर. तिथून थेट ला पासचं विमान धरलं तर तासाभरात ४०० वरून ४,००० वर. म्हातारी माणसं सोडा, पैलवानाचीही फे फे उडते.

सह्यवेडा
मी दोनदा गेलोय, दुसऱ्यांदा वायना पोतोसी चढायला (६,०८८ मीटर, शिखराच्या अलीकडून मागे फिरलो, तो विषय वेगळा). जरा सविस्तर लिहितो.

ला पासचा नकाशा आडवा बघूच नका, उभा बघा. वर अल्तिप्लानोचं पठार, त्याच्या काठावर एल आल्तो. तिथला विमानतळ ४,०६१ मीटरवर, म्हणजे लेह गावापेक्षा साडेपाचशे मीटर उंच. पठाराला पडलेल्या घळीत ला पास भरलंय. जुनं शहर, प्लासा मुरियो, संसद हे ३,६४० च्या आसपास. चोकेयापू नदी शहराच्या पोटातून वाहते, एल प्रादो या मुख्य रस्त्याखाली ती झाकूनच टाकलीय. ती जिकडे जाते तिकडे शहर उतरत जातं: आधी सोपोकाची, मग ओब्राहेस, आणि तळाला कालाकोतो, सान मिगेल, इर्पावी. या तळाच्या भागाला सोना सुर म्हणतात. उंची ३,२०० ते ३,३००. विमानतळापासून तिथवरचा उतार सिंहगडाच्या चढापेक्षा जास्तच भरेल, आणि हे एकाच शहरात.

आपल्याकडे पैसा आला की माणूस टेकडीवर बंगला बांधतो. इथे पैसा आला की माणूस खाली सरकतो. खाली हवा दाट, थंडी दोन-चार अंशांनी कमी, वारा कमी. वरच्या काठावर उघड्या विटांची घरं आणि तळाला काचेच्या इमारती. केबलमधून, म्हणजे शहरातल्या रोपवेतून, जाताना हे सगळं एका दमात दिसतं.

आता सागार्नागा. भटकभवानी म्हणतात ते सगळं खरं, पण 'वर चढलं की लिनारेस' हे त्यांनी एका ओळीत संपवलं, त्या ओळीतच गोम आहे. तो रस्ता फरशीचा आणि छाती काढणारा आहे. ३,६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमीच असतो. पहिल्या संध्याकाळी मी, तेव्हा वय ३१ आणि दर रविवारी गड, चर्चपासून हॉटेलपर्यंतच्या दोन चौकांत तीनदा थांबलो. तिसऱ्यांदा एका दुकानाच्या कट्ट्यावर बसलो. शेजारून पाठीवर बटाट्याचं पोतं बांधलेली आजी सरळ निघून गेली.

म्हणून माझा एकच निकष. बस, टॅक्सी किंवा केबल जिथे सोडते, तिथून घर वर आहे की खाली? परतीची वाट उताराची हवी. सकाळी ताजेतवाने असताना चढ चालतो, संध्याकाळी नाही. सोपोकाचीत हे छान जमतं. पिवळ्या लाइनीचं सोपोकाची स्टेशन वरच्या अंगाला, प्लासा एस्पान्याजवळ आहे. दिवसभर फिरा, केबलने वर या आणि आबारोआ चौकाकडे उतरत घरी. माझं मत सोपोकाचीला.

निवांत
सह्यवेडा, निकष पाठ करून ठेवण्यासारखा आहे, पण आईंचे गुडघे विसरलात. दुखऱ्या गुडघ्याला चढ परवडतो, उतार नाही. सासूबाईंना घेऊन रायगडला गेलो होतो, चढताना हसत होत्या, उतरताना रडकुंडीला आल्या. इथे बाबांचा श्वास चढाला घाबरतो आणि आईंचा गुडघा उताराला. दोघांना जमेल असं एकच, सपाट.

सह्यवेडा
मान्य. बिनशर्त.

कृष्णाकाठ
अगदी! आई म्हणाली, "या निवांतना माझा नमस्कार सांग."
मग सपाट कुठे आहे तिथे? एखादा क्रिकेटच्या मैदानाएवढा तरी तुकडा?

भटकभवानी
एल आल्तो सपाट आहे 😀 एकदम पोळपाट. फक्त ४,१०० मीटरवर.

सांतियागोकर
मी चिलीत असतो, कामासाठी ला पासला सात-आठ वेळा जाणं झालंय. माझं मत सोना सुर आणि तेही नेमकं सांगतो: कालाकोतोचे नदीलगतचे मुख्य रस्ते आणि सान मिगेलचे दुकानांचे चौक. एवढा भाग बऱ्यापैकी सपाट आहे. फुटपाथ धड आहेत, दवाखाने-फार्मसी जवळ आहेत, सुपरमार्केट आहे. मात्र या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी लगेच टेकड्या उठतात आणि जाहिरातीत त्या टेकड्यांवरची घरंही 'सान मिगेलजवळ' असतात. घराचा फोटो नका बघू, घरासमोरच्या रस्त्याचा फोटो मागवा.

'लांब' म्हणाल तर केबल आहे. 'मी तेलेफेरिको' हे तिचं नाव, २०१४ ला सुरू झाली, आता दहा लाइनी आहेत. आपल्याकडे रोपवे म्हणजे देवीच्या डोंगरावर जायला, इथे ती लोकल आहे. दहाजणांची कॅबिन, ऑफिसला जाणारे, शाळेची पोरं, मांडीवर कोंबडी घेतलेल्या बायका. इर्पावीहून हिरवी लाइन लिबेर्तादोरला, तिथे आकाशी रंगाची लाइन धरली की एल प्रादो. मी गेलो तेव्हा तिकीट ३ बोलिव्हियानो होतं, लाइन बदलली की २ जास्त. रात्री उशिरा बंद होते, मग टॅक्सी. टॅक्सी रस्त्यावर हात करून थांबवू नका. हॉटेलला रेडिओ टॅक्सी बोलवायला सांगा.

अजून एक कारण आहे. ला पासला मोर्चे आणि रस्ताबंदी नित्याची. सगळे मोर्चे एल प्रादोवरून प्लासा मुरियोकडे जातात. खाणकामगारांचा असेल तर सुरुंगाचे बार उडवत जातात. ऐकणाऱ्याला वाटतं युद्ध पेटलं. पोलीस चौकाभोवती कठडे लावतात आणि मग तुमची बॅगा भरलेली टॅक्सी हॉटेलच्या दारात पोचत नाही. प्लासा मुरियोजवळची जुन्या वाड्यांतली हॉटेलं देखणी असतात, पण आई-बाबांसोबत नको.

शिळी भाकरी
मिराफ्लोरेसचं कुणीच नाव घेतलं नाही. मोठी इस्पितळं तिथे आहेत आणि मोठं स्टेडियमही. तेच ते, जिथे २००९ ला बोलिव्हियाने अर्जेंटिनाला ६-१ ने धुतलं होतं. मॅराडोना प्रशिक्षक, मेस्सी मैदानात. पळून पळून दमले बिचारे. आम्ही तिथे राहिलो होतो. बरं आहे, पण परत राहीन असं नाही.

साधा डॉक्टर
इंटरनेटवर तपासणी होत नसते, तेव्हा हे फक्त तुमच्या डॉक्टरांना विचारायच्या गोष्टींचं टिपण समजा.

१. असिटाझोलामाइड, म्हणजे आपण डायमॉक्स म्हणतो ते उंचीच्या त्रासावरचं औषध, बाबांना चालेल का? सल्फाची ॲलर्जी आहे का? बीपीची गोळी कुठली आहे, त्यात लघवी वाढवणारं औषध आहे का?
२. तिथल्या फार्मसीत त्याच त्रासावर 'सोरोच्ची पिल्स' मिळतात. त्यात ॲस्पिरिन आणि कॅफीन असतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर परस्पर घेऊ नका.

राहण्याबद्दल: तुम्ही दिवसा कुठे फिरता यापेक्षा रात्री कुठे झोपता याला जास्त महत्त्व आहे. विरळ हवेचा खरा त्रास झोपेत होतो. श्वास मध्येच अडखळतो, दचकून जाग येते. साडेतीनशे-चारशे मीटर खाली झोपणं हा फरक छोटा नाही. पहिले दोन दिवस पोटभर जेवण नको, दारू नको, जिने नकोत. डोकं दुखणं चालेल. तोल जाणं, बरळणं, बसल्या जागी धाप लागणं हे चाललं नाही म्हणजे नाहीच. तिथे चहा पाजत बसायचं नाही. ऑक्सिजन, डॉक्टर आणि खाली उतरणं. बऱ्याच हॉटेलांत सिलिंडर असतो. खोली घेण्याआधी विचारा, आणि तो भरलेला आहे का हेही.

उंटावरचा शहाणा
डॉक्टर, कोकाचा चहा? सगळे म्हणतात रामबाण.

साधा डॉक्टर
गरम पाणी पोटात जातं, बरं वाटतं. उत्तेजक आहे, त्यामुळे बीपीवाल्यांनी बेताने. तिथे तो कायदेशीर आहे, हॉटेलात पाहुण्याला पाण्याआधी तोच देतात. पण पुड्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात येतं.

पोळीभाजी
फ्लॅट की हॉटेल यावर कुणी बोलेना म्हणून मी. शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर हवंच. ला पासला 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, म्हटलं की कोंबडी येते. कोंबडी म्हणजे मांस नव्हेच अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. साल्तेन्या बाहेरून आपल्या करंजीसारख्या दिसतात, सकाळी अकराच्या सुमारास सगळं गाव खात असतं, आत बहुतेक मांस आणि रस्सा. आपल्यासाठी उमिंता (मक्याचा कीस पानात गुंडाळून शिजवलेला), कणीस आणि चीज, मार्राकेता पाव, आणि बटाटे. बटाट्याच्या इतक्या जाती की आई बाजारातून हलणार नाहीत.

पण पातेल्यात भात लावू नका. पाणी तिथे ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. नुसतं खदखदतं, शिजवत नाही. मी दीड तास तूरडाळ उकळली होती, डाळ जशीच्या तशी, गॅस मात्र संपला. फ्लॅटमालकाला विचारा कुकर आहे का. नसेल तर आपला घेऊन जा.

दुसरं, थंडी. जूनमध्ये रात्री पारा शून्याजवळ जातो आणि बऱ्याच घरांत हीटर नसतो, कारण 'दिवसा ऊन असतं की'. आणि अंघोळीला शॉवरच्या तोंडाशीच विजेची कॉइल असते. धार जाड केली की गार, बारीक केली की गरम. बाबांना आधी समजावून सांगा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: सांता क्रूसहून आधी सुक्रे, तीन रात्री. मग ला पासला कालाकोतोत फ्लॅट. 'सान मिगेलपासून ५ मिनिटं' असं लिहिलंय, कुकरचं विचारलं तर मालक "सी, सी" म्हणाला. साओ पाउलोच्या डॉक्टरांनी बाबांची गोळी बघून डायमॉक्सला हो म्हटलंय. आल्यावर वृत्तांत लिहीन.

सांतियागोकर
रस्त्याचा फोटो मागवलात का?

*(पाच आठवड्यांनंतर)*

कृष्णाकाठ
नाही मागवला 🙈

तर वृत्तांत. सुक्रे फार सुंदर, पांढरंशुभ्र, बाबा तिथे सकाळी फिरायलाही जाऊ लागले. त्यामुळे एल आल्तोला उतरलो तेव्हा आमची छाती फुगलेली होती. विमानतळावर बॅगा घेता घेता ती उतरली. बाबा बेल्टजवळ उभे होते, मला म्हणाले, "अगं, मी धावून आलोय का कुठून?"

टॅक्सी उतरत उतरत कालाकोतोला आली. वळणावळणाला कान दडे बसत-सुटत होते. सान मिगेल आलं, दुकानं दिसली, आणि टॅक्सी परत चढायला लागली. पाच मिनिटं बरोब्बर चढली. मालकाची पाच मिनिटं गाडीची होती. वर पोचलो तर इमारत टेकडीच्या पाठीवर, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या जागी लिफ्टसाठी सोडलेलं भोक. चोपन्न पायऱ्या. मी मोजल्या नाहीत, बाबांनी मोजल्या, कारण दर अठरा पायऱ्यांना ते थांबत होते आणि आकडा मोठ्याने सांगत होते. वर गेल्यावर बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं तर ८४. अर्धा तास बसल्यावर ८९. आई म्हणाली, "चढले मी. उद्या उतरणार कशी ते तू सांग."

हीटर नव्हता. चौघं एका खोलीत, दोन-दोन गोधड्या, आणि बाबांचा श्वास कसा चाललाय ते ऐकत मी रात्रभर जागी. साध्या डॉक्टरांनी लिहिलेलं अडखळणं मला स्वतःलाच झालं, बाबा मात्र घोरत होते.

सकाळी मालकाला फोन केला. तो म्हणाला हवा ताजी आहे, दोन दिवसांत सवय होते. दोन रात्रींचे पैसे गेले. दुपारी खाली सपाटीवर, मोठ्या रस्त्यामागच्या गल्लीतल्या छोट्या हॉटेलात गेलो. खोली साधी, पण लिफ्ट, हीटर आणि स्वागतकक्षाच्या मागे सिलिंडर. मी विचारलं भरलाय का. तिथल्या बाईने कॉक फिरवून फुस्स आवाज ऐकवला. तिथेच सही केली.

त्यानंतर सगळं सुरळीत. हिरवी आणि आकाशी लाइन आमच्या अंगवळणी पडली. आई पहिल्यांदा डोळे मिटून बसली, तिसऱ्या फेरीला खालच्या गच्च्यांवर कोणाची धुणी वाळतायत ते सांगू लागली. एके दिवशी एल प्रादोवर खरंच मोर्चा होता, बारांसकट, आणि आम्ही त्यांच्या वरून तरंगत घरी. रस्ता ओलांडताना झेब्र्याच्या वेशातली पोरं वाहतूक थोपवतात, त्यातल्या एकाने आईचा हात धरून तिला पलीकडे नेलं. आता सांगलीत सगळ्यांना सांगणार आहे ती.

भटकभवानी, चेटकिणींचा बाजारही झाला. टॅक्सीने वर लिनारेसला उतरलो आणि सावकाश खाली चर्चपर्यंत आलो. आईच्या गुडघ्यांसाठी दर तीन दुकानांना खरेदी हे औषध. बिल सांगत नाही. लाल लाइनीने एल आल्तोलाही गेलो, वरून इयिमानी हा बर्फाचा डोंगर लख्ख दिसला, पण पाऊण तासात बाबांचं डोकं धरलं, उतरलो. खाली आल्यावर एका कपात उतरलं.

सोपोकाचीत एक दुपार घालवली. राहायला ते जास्त आवडलं असतं, खरं सांगते. झाडं, कॅफे, पुस्तकांची दुकानं. आम्ही दोघंच असतो तर तिथेच.

सह्यवेडा
वाचून बरं वाटलं. काकांना दंडवत, १८ पायऱ्यांचा टप्पा हा गिर्यारोहकाचा हिशोब आहे.

सांतियागोकर
फोटो.

कृष्णाकाठ
हो हो, फोटो. फळ्यावर शंभरदा लिहिते.

पोळीभाजी
आणि स्वयंपाकाचं काय झालं? हॉटेलात गेलात म्हणजे उपासमार?

कृष्णाकाठ
नाही ना! हॉटेलवाल्या बाईंनी त्यांचं स्वयंपाकघर वापरू दिलं. आधी फ्लॅटवर मालकाचा 'कुकर' निघाला झाकणवालं पातेलं, पण तुमचं ऐकून आपला तीन लिटरचा बॅगेत होता. आई बाजारात एका टोपीवाल्या बाईकडून रोज बटाटे घ्यायची. ती आईला 'कासेरा' म्हणायची, म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक, आणि आईही तिला कासेराच. वजन झाल्यावर आई हात पुढे करून 'यापा' म्हणायची की ती दोन बटाटे वर टाकायची. स्पॅनिश एवढंच, पण मला तीन वर्षांत ब्राझीलमध्ये जे जमलं नाही ते हिने चार दिवसांत केलं.

पोळीभाजी
आणि डाळ? शिट्ट्या किती?

कृष्णाकाठ
सांगलीत तीन, साओ पाउलोत तीन, कालाकोतोत पाच. चौथ्या शिट्टीला हॉटेलवाल्या बाई धावत आल्या, त्यांना वाटलं सिलिंडर फुटतोय.